मागच्या पानावरची अट

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा. माझ्या चहाड्या, माझं खोटं रडणं, नणंदेच्या ताटात मुद्दाम वाढलेलं खारट पिठलं — सगळं. गेला बिचारा त्याच समजुतीत. कारण हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मुलाला नाही, सुनेला नाही, नातीला तर नाहीच नाही. दरवर्षी औंधच्या यमाईपुढे हात जोडून उभी राहते, तेव्हासुद्धा गुडघ्यांबद्दल बोलते, सुनेबद्दल बोलते, पावसाबद्दल बोलते — आणि हे आलं की देवीशी विषय बदलते. देवीशी! आहे की नाही धाडस?

तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय. हेही काही फार शौर्याचं नाही.

मी एका कॉलेजात कारकून होते. कऱ्हाडच्या अंगाचं कॉलेज, नाव सांगत नाही, इमारतीचा काय दोष? स्कॉलरशिपची खिडकी माझी. त्या खिडकीतली ती बाई तुम्ही पाहायला हवी होती हो. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, कमरेला कपाटाच्या किल्ल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दृष्टी काही वाईट नव्हती, पण चष्म्याच्या वरून बघितलं की समोरचं माणूस बारीक होतं, हा शोध तिला लागला होता. आणि हातात पेन कुठल्या शाईचं? लाल. अर्ज तपासायला लाल शाई. जणू हायकोर्टच बसलंय, आणि बाहेर रांगेत उभे आहेत ते फाशीचे कैदी.

त्या बाईला सगळ्या अटी तोंडपाठ. उत्पन्नाची मर्यादा किती, दाखला तहसीलदाराचा की आणखी कुणाचा, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर प्रतिज्ञापत्र कसलं, हजेरी किती टक्के, नापास झालं तर पुढच्या वर्षी मिळतं की बंद होतं — झोपेतून उठवून विचारा. पण तिची खरी विद्या निराळीच. एका फेरीला एकच अट सांगायची! पोरगी उत्पन्नाचा दाखला घेऊन आली की म्हणायचं, "रहिवासी कुठाय?" रहिवासी आणला की, "ह्याच्यावर गोल शिक्का नाही." शिक्का मारून आणला की, "आता साहेब जेवायला गेले." एकाच फेरीत सगळं सांगून टाकलं तर खिडकीची किंमत काय राहिली? माणसं खडखडत्या एसटीनं दोन-दोन तास येतात, एक दिवसाची मजुरी बुडवून येतात, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच तर मजा यायची.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? असल्या बाया प्रत्येक कचेरीत असतात. असतात. पण त्या सगळ्यांच्या पदराआड मला लपायचं नाही. मला माझ्या एकटीचं सांगायचंय.

माझं अक्षर फार सुंदर होतं. अजूनही आहे — हात कापतो, तरी वळण गेलं नाही. दरवर्षी योजनेचं परिपत्रक आलं की मी त्यातल्या अटी मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर उतरवायची आणि तो तक्ता खिडकीशेजारी लावायची. मथळा निळा, अटी काळ्या, महत्त्वाचं लाल. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन यायचे, तक्ता दाखवायचे. शेजारच्या दोन-तीन कॉलेजांचे कारकून वह्या घेऊन तो उतरवायला आले होते. मी त्यांना चहा पाजला आणि उपदेशही पाजला — "परिपत्रक कसं, पाठपोट वाचावं. आपल्या एका चुकीनं पोरांचं वर्ष जातं."

हे मी म्हटलंय. माझ्या याच तोंडानं.

त्या वर्षी — चोवीस-पंचवीस वर्षं झाली — परिपत्रकाची मूळ प्रत आमच्याकडे उशिरा यायची होती. प्राचार्यांनी साताऱ्याच्या बैठकीत दुसऱ्या कुणाच्या प्रतीची झेरॉक्स काढून आणली. झेरॉक्सवाल्यानं एकच बाजू मारली होती. पानाच्या खाली कोपऱ्यात तीन अक्षरं स्पष्ट होती — कृ. प. उ. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत असतात तीच. कृपया पान उलटा. मी उलटलं. मागे कोरं. मग मी काय केलं? फोन केला? विचारलं? छे हो. कोऱ्या पानाकडे बघून त्या शहाण्या बाईनं ठरवलं की संपलं, आणि निळी शाई काढली.

तक्त्यावर पाचवी अट लिहिली: एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ. खाली दोन रेघा. लाल.

चूक झाली. माणसाकडून होते. हे मी कुणालाही सांगितलं असतं, हसत सांगितलं असतं. हे ते नव्हे.

सारिका नावाची मुलगी होती. आटपाडीच्या पलीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. त्यांच्या वस्तीवरून शास्त्र शाखेला आलेली पहिलीच पोरगी. कऱ्हाडला लागूनच्या मलकापुरात मावशीकडे राहायची. मावशी बाजारात भाजी विकायची आणि ही सकाळी जुड्या बांधून देऊन कॉलेजला यायची, त्यामुळे तिच्या हाताला मेथीचा वास असायचा. अर्ज इतका नीट भरलेला, की माझ्या लाल पेनाला कामच उरलं नाही. याचाच राग आला असेल का? असेल. मग मी कुटुंबाची माहिती बघितली. दोन मोठे भाऊ, दोघंही दुसऱ्या कॉलेजात, दोघंही याच योजनेत. ही तिसरी.

मी अर्ज परत सरकवला आणि बोटानं तक्ता दाखवला. तोंडानं सांगायचेही कष्ट घेतले नाहीत.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई, म्हंजे भावास्नी मिळतंय म्हणून मला न्हाई?"

"दोन म्हणजे दोन," मी म्हणाले. "पुढचं कोण आहे?"

तिच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होता, ते मला पुरतं ठाऊक होतं. योजनेत नाव असलं तर फी सरकार भरणार. नसलं तर फी बापानं भरायची, आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घ्यायचा नाही हा आमचा नियम — त्याची वसुलीही माझ्याच खिडकीत. म्हणजे तिचं शिकणं त्या एका अटीवर टांगलेलं होतं. माझ्या दोन लाल रेघांवर.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मूळ प्रत आली. शिपायानं फायलीला लावायला माझ्या टेबलावर ठेवली. पिवळसर कागद, पाठपोट छापलेला. मी मागची बाजू वाचली. पहिलीच ओळ होती. दोन अपत्यांची मर्यादा फक्त मुलग्यांपुरती. मुली कितीही असोत, त्यांना ती लागू नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं, की आंधळ्यालाही समजावं. अर्जाची मुदत संपायला अजून आठ दिवस होते.

आठ दिवस! तक्ता उतरवायला किती वेळ लागतो? चार टाचण्या. सारिकाला वर्गातून बोलवायला? शिपाई दारातच विडी ओढत होता. पण तक्ता उतरवला की प्राचार्य विचारणार, का? मग त्या दोन-तीन कॉलेजांना फोन करून सांगावं लागणार की माझा तक्ता चुकीचा होता. ज्या पोरसवदा कारकुनांना मी पाठपोट वाचायला शिकवलं, ते हसणार. मी ती मूळ प्रत फायलीला लावली नाही. टेबलाच्या खणात ठेवली, वर हळदी-कुंकवाच्या वाणाची कंगव्यांची पाकिटं ठेवली आणि खणाला किल्ली लावली. मनाशी म्हटलं, उद्या बघू.

थांबा. इथेच थांबले असते तर मी नुसती भित्री ठरले असते. भित्रेपणाचं काय, त्याची माणसाला कीव तरी येते. माझी कीव करू नका.

मुदतीला तीन दिवस उरले असताना सारिका पुन्हा आली. या वेळी बापाला घेऊन. दिवाळी होऊन गेली होती, त्यांची मेंढरं नदीकाठाला उतरली होती, कुणाच्या तरी तुटलेल्या उसाच्या रानात बसवलेली. तिथून तो तसाच आला होता — खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल पटका, हातात काठी. काठी बाहेर भिंतीला टेकवून, चपला काढून तो माझ्या खिडकीसमोर उभा राहिला. चपला काढून! देवळात आल्यागत. रांग मोठी होती, शेवटचे दिवस ना.

सारिका म्हणाली, "बाई, आमच्या गावचं मास्तर म्हणत्यात, पोरींस्नी ती दोनाची अट न्हाई. मागच्या पानावर लिवलंय म्हणं."

मागच्या पानावर. नेमकं तेच म्हणाली. माझा गुडघा तेव्हा त्या खणाला लागलेला होता. किल्ली कमरेला होती. हात खाली नेला असता तर कागद हातात आला असता.

आणि मी काय म्हणाले, ऐका. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या मास्तरांना नियम कळत असते, तर ते मेंढरांच्या गावात कशाला पडले असते गं?"

रांग हसली. मी चष्म्याच्या वरून रांगेकडे बघितलं, नाटकातल्या नटीला टाळी मिळाली की ती बघते तसं. आणि मग म्हणाले, "असली कसली सवलत नाही. मी स्वतः परिपत्रक वाचलंय. पाठपोट."

हे ते खोटं. चूक नव्हे, भीती नव्हे. समोरच्या पोरीला खरं माहीत होतं, तिनं ते माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. वर तिच्या गावाला, तिच्या बापाच्या धंद्याला हसवून घेतलं.

सारिका हलली नाही. तिला पटलं नव्हतं, दिसत होतं मला. तिचे ओठ पुन्हा उघडले. पण बाप मध्ये पडला. "आगं, बाईसाहेब म्हणत्यात म्हंजी तसंच आसंल. त्यास्नी काय मिळायचंय खोटं बोलून? चल." मग मला म्हणाला, "पोरगीच्या बोलण्याचा राग धरू नगा. ल्हान हाय."

काय मिळायचंय खोटं बोलून! चार टाचण्यांवर लटकलेला एक कागद, दुसरं काय? त्यानं माझी माफी मागितली, हो. त्यानं. आणि मी मोठ्या मनानं मान हलवली. त्या बाईच्या — माझ्या — थोबाडीत मारावी असं आज इतकं वाटतं, की हात खरंच वर येतो. म्हातारीचा हात, कुणाला लागणार?

वार्षिक परीक्षेच्या आधीच सारिकानं कॉलेज सोडलं. तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला मीच लिहिला. त्यात एक रकाना असतो — सोडण्याचं कारण. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: घरगुती कारण. कुणाचं घर? वैशाखात लग्न झाल्याचं तिच्या मावशीनं सांगितलं. मी तिच्याकडून मेथी घेत होते तेव्हा. मावशी म्हणाली, "पोरगी लय रडली बघा, पर नियमच न्हाई म्हटल्यावर काय करायचं?" मी म्हणाले, खरंय. आणि कोथिंबिरीची एक काडी फुकट मागितली. मागितली हो, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी नवा तक्ता केला. पाचव्या अटीखाली ओळ घातली: मुलींना ही मर्यादा नाही. प्राचार्यांना म्हणाले, "यंदा शासनानं नियम बदलला." ते म्हणाले, "बरं झालं, मुलींचं कल्याण झालं." मी हो म्हणाले. इतकं सोपं असतं ते.

मध्ये मी सबबी पुष्कळ गोळा केल्या होत्या. सासूचं दुखणं, मुलाची पदवीची परीक्षा, कॉलेजातलं राजकारण, सांगलीच्या माहेरची भांडणं. एकेक सबब घासूनपुसून ठेवली होती, पाहुणे आल्यावर काढायच्या भांड्यांसारखी. आता सगळ्या भंगारात दिल्यात. सासू त्या वर्षी ठणठणीत होती. मुलगा पहिल्या वर्गात पास झाला.

आणि तुम्हाला वाटत असेल, एवढ्या वर्षांनी म्हातारीला झोप लागेना, म्हणून बोलतेय. मला झोप चांगली लागते. घोरते मी. बोलतेय ती गेल्या नोव्हेंबरातल्या एका गोष्टीमुळे.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो — आपण मेलो नाही, हे अंगठा दाबून सिद्ध करायचं. नात मला स्कूटीवरून मलकापुरातल्या सेतू केंद्रात घेऊन गेली. तिथे माझा अंगठा काही केल्या उमटेना. "आजी, मशीन म्हणतंय तुम्ही नाही," असं तो कॉम्प्युटरवाला म्हणाला, आणि मी म्हणाले, "मशीनला अक्कल आहे." सगळे हसले. अजून हसवता येतं मला, ती खोड गेली नाही.

त्या हसण्यात एक बाई वळून बघायला लागली. चाळिशीच्या आतबाहेरची, कपाळावर ठसठशीत कुंकू, सोबत कॉलेजच्या वयाची मुलगी. ती उठून जवळ आली. "आवं, तुमी कॉलेजच्या खिडकीतल्या बाई न्हवं?"

मी ओळखलं नाही असं सांगायला मला फार आवडलं असतं. पहिल्या शब्दालाच ओळखलं होतं.

सारिका मुलीला म्हणाली, "ह्या बाईंना इचार. ह्यांना समदे नियम तोंडपाठ. आमच्या टायमाला समदं कॉलेज ह्यांनाच इचारायचं." मुलीचा स्कॉलरशिपचा अर्ज भरायचा होता. आता कागद नाही, सगळं पोर्टलवर. पोरीला काय काय लागतं ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. ती तीनदा हेलपाटा घालून गेली होती. तीनदा. माझ्यानंतरही खिडकीची विद्या कुणी तरी चालू ठेवली आहे, हे बघून बरं वाटायला हवं होतं ना मला?

मी बसले. एका दमात सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच लागतो. नॉन-क्रीमी लेअरची मुदत बघ, संपली असली तर आजच अर्ज कर. बँकेचं खातं तुझ्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, नाही तर मंजूर होऊनही काही येणार नाही. अर्ज भरून घरी बसू नकोस, कॉलेजनं पुढे पाठवला का ते दर आठवड्याला बघ. आणि कुणी तोंडी "बसत नाही" म्हणालं तर त्याला म्हण, लिहून द्या. पोरगी भराभर मोबाइलमध्ये टिपून घेत होती. माझा आवाज मलाच परका वाटत होता, कुणा चांगल्या बाईचा असावा तसा.

मग कॉम्प्युटरवाला कुटुंबाची माहिती विचारू लागला. दोन मोठे भाऊ, दोघंही लाभ घेतात. ही तिसरी. त्यानं पडद्यावरची ओळ सहज मोठ्यानं वाचली — "मुलींना मर्यादा नाही" — आणि पुढे गेला.

सारिका पुढे गेली नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. इतकी वर्षं एखादी गोष्ट मनात फिरत असते, तिला जरा टेकायला जागा मिळावी, तसं. म्हणाली, "बाई, आमच्या येळंला ही सवलत नव्हती, न्हाई का? मास्तर उगाच म्हणायचं. मी लय दिवस त्येच्यावर इश्वास ठिवला."

तिनं दार उघडून दिलं होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. खणही नव्हता, तक्ता नव्हता, प्राचार्य वारले, नोकरी संपली. आता माझं कोण काय वाकडं करणार होतं? नात बाहेर स्कूटीपाशी उभी होती. खोलीत तिघं-चौघं.

मी म्हणाले, "नव्हती."

ती "हां" म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "पाया पड बाईंच्या." पोरगी वाकली. तिच्यामागून सारिकाही वाकली, पदर खांद्यावर घेऊन, दोन्ही हातांनी.

मी पाय मागे घेतले नाहीत.